सावकाराची वही आणि हातातील ॲप : उत्तर कोकणातील ऋणनोंदीच्या इतिहासाच्या प्रकाशात खासगीपणाचा विचार

एका माणसाच्या व्यवहाराची नोंद दुसऱ्याने आपल्या दप्तरी ठेवावी, तिच्या आधारे त्याच्यावर सत्ता चालवावी आणि ज्याच्याविषयी ती नोंद आहे त्यालाच ती वाचता येऊ नये, ही स्थिती मोबाईल व संकेतस्थळे यांच्याबरोबर जन्माला आली असा समज अलीकडे रूढ झालेला दिसतो. ॲपद्वारे होणारी पाळत, संपर्कयादीची उचल, माणूस कोठे गेला याची टिपणे यांविषयी जे लिहिले जाते त्यात अमेरिका व युरोप येथील कायद्यांचे दाखले भरपूर असतात. परंतु आपल्याच प्रांतात या प्रश्नाचा विचार कोणी, कधी व कोणत्या निमित्ताने केला याची विचारपूस सहसा होत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढ्यापुरता मर्यादित आहे. जुन्या मुंबई इलाख्यात ‘नोंदला गेलेला माणूस’ याच्या संरक्षणाचा प्रश्न प्रथम कर्जव्यवहाराच्या क्षेत्रात उभा राहिला आणि तेथे त्याची काही उत्तरे शोधली गेली. ती उत्तरे कितपत टिकली हे पाहण्यासाठी आज पालघर जिल्ह्यात मोडणारा डहाणू, तलासरी, पालघर, बोईसर-तारापूर हा पट्टा विशेष उपयोगी पडतो.

हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत हा मुलूख ठाणे जिल्ह्याचा भाग म्हणून येतो, आणि पालघर तालुक्याचा शोध घ्यावयाचा तर जुन्या दप्तरांत ‘माहीम’ या नावाखाली घ्यावा लागतो. किनाऱ्यालगत वाडवळ, मांगेला, भंडारी यांची वस्ती. पूर्वेकडील जंगलपट्टीत वारली, कोकणा, काथोडी, मल्हार कोळी यांची. आपला विषय मुख्यतः या दुसऱ्या पट्टीशी संबंधित आहे.

सावकारी वहीचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. रोजमेळ व खतावणी ही सावकाराची खासगी मालमत्ता असे. ती मोडीत अथवा गुजरातीत लिहिलेली असे. कर्ज घेणाऱ्या वारल्याला यांपैकी एकही लिपी येत नसे. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी सुगीनंतर वाढीव मापाने परत करावयाची, आणि ती फिटली किंवा नाही हे वहीवरूनच ठरावयाचे. लग्नासाठी कर्ज काढणारा तर आपल्या अंगमेहनतीसह गहाण पडे. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. तो, त्याची बायको आणि पुढे पुष्कळदा त्यांची मुलेही जमीनदाराच्या घरी व शेतावर राबत. परंतु राबण्याचे किती दिवस कर्जात वळते झाले हे सांगणारा कागद त्याच्याजवळ नसे. कर्जरोख्यावर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ अशी ओळ आणि तिच्याखाली शाईचा ठसा, एवढाच त्याचा त्या लेखनातील वाटा.

या अंगठ्याविषयी थोडे विषयांतर करतो. बोटांच्या ठशांचा व्यवहारात पद्धतशीर उपयोग करण्याची कल्पना विल्यम हर्षल या अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमध्ये राज्यधर कोनाई नावाच्या एका कंत्राटदाराशी करार करताना अमलात आणली, हे प्रसिद्ध आहे. सही करणाऱ्याने पुढे ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणू नये, हा तिचा उद्देश होता. म्हणजे ठसा हा प्रारंभापासूनच कागद जवळ बाळगणाऱ्याच्या सोयीचा होता. ज्याचा ठसा, त्याला कागदात काय आहे हे कळले होते काय, याचा पुरावा ठशातून मिळत नाही. तो फक्त हात तेथे टेकला होता एवढेच सांगतो. ॲपमधील ‘मला मान्य आहे’ हे बटण नेमका इतकाच पुरावा देते.

आता कायद्याकडे वळू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात मनुष्यहत्येपेक्षा कागद हस्तगत करण्यावर भर होता. कर्जरोखे व हुकूमनामे मागावयाचे, मिळाले की जाळावयाचे. न दिल्यास मात्र बळजबरी. आपल्याविषयीचे जे लेखन आपल्याला वाचता येत नाही त्यावर उपाय एकच, ते नष्ट करणे, असा त्या शेतकऱ्यांचा हिशेब होता. सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. त्याने जाळण्याऐवजी वाचण्याचा मार्ग काढला.

आर्थिक इतिहासाचे अभ्यासक या अधिनियमाकडे ऋणनिवारणाचा कायदा म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील काही तरतुदी वेगळ्याच महत्त्वाच्या आहेत. एक, शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा. दुसरी, फेड केली की ऋणकोस लेखी पावती मागता यावी. वर्षाकाठी हिशेबाचे विवरण मागता यावे. आणि त्याची इच्छा असल्यास सावकाराने त्याच्या खात्याची नोंद एका पासबुकात करून ते त्याच्या हाती द्यावे. या गोष्टी नाकारणाऱ्या सावकारास दंड होता. तिसरी व सर्वांत धाडसाची तरतूद अशी की, न्यायालयाने रोख्यावरील आकडा अंतिम न मानता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे आणि मूळ मुद्दल किती, व्याज किती, फेड किती याचा हिशेब नव्याने मांडावा. अंगठा आहे म्हणून संमती आहे, हे गृहीतकच न्यायालयाने बाजूस ठेवावे असा याचा अर्थ होतो.

त्याआधी सात वर्षे, १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात एक तत्त्व येऊन गेलेले होते : व्यापाराच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी पुराव्यात ग्राह्य, परंतु केवळ त्या नोंदींवरून कोणावरही दायित्व लादता येणार नाही. हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. एखाद्याने दुसऱ्याविषयी आपल्या घरी बसून लिहून ठेवलेले पुरेसे नाही, इतकी साधी ही गोष्ट. आज एखादे कर्जाचे ॲप माणसाच्या फोनमधील व्यवहार, संदेश व फिरण्याच्या वेळा यांवरून त्याची ‘पत’ काढते आणि तो आकडा त्यास न दाखवता त्याच्यासंबंधी निर्णय घेते, तेव्हा पुरावा अधिनियमाच्या कर्त्यांना हे कसे वाटले असते असा प्रश्न मनात येतो. अर्थात ॲप न्यायालयात दावा करीत नसल्यामुळे त्या कलमाची बाधा त्यास होत नाही. निर्णय न्यायालयाबाहेरच उरकतो.

मूळ अधिनियम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. उत्तर कोकण त्यात नव्हते. पुढे त्यातील निवडक भाग इलाख्यात इतरत्र लागू होत गेले खरे, पण जंगलपट्टीत त्यांचा उपयोग फारसा झाला नाही. १९३९ साली प्रसिद्ध झालेला डी. सिमिंग्टन यांचा मुंबई प्रांतातील आदिवासींविषयीचा अहवाल वाचला म्हणजे साठ वर्षांच्या कायद्यानंतरही वेठ, अपुरी मजुरी आणि कर्जाचा विळखा किती घट्ट राहिला होता हे दिसते. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. पावती मागण्याचा हक्क त्यालाच उपयोगी, ज्याला ती मागण्याची छाती आहे, मागितल्यावर उद्याचे धान्य बंद होणार नाही अशी खात्री आहे आणि मिळालेली पावती वाचता येते. पुण्याच्या कुणब्याजवळ यांपैकी थोडेबहुत होते. डहाणूच्या लग्नगड्याजवळ काहीच नव्हते.

म्हणून येथे कायद्याने जे साधले नाही ते संघटनेने साधले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले, त्यास या भागातील काही वारली गेले होते. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि वेठ करावयाची नाही असा निर्धार तेथे झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात हा सर्व काळ आला आहे. इतिहासकाराने त्याकडे चळवळीतील व्यक्तीचे लेखन म्हणून सावधपणे पाहावे हे खरे. परंतु लग्नगड्याची अवस्था समजून घ्यावयास त्याच्याइतके जवळचे दुसरे मराठी साधन प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. लग्नगडी मुक्त झाले ते खात्याचा हिशेब होऊन नव्हे; सामुदायिक नकाराने. कर्जाची वही ज्याच्या घरी होती त्याच्याच घरी राहिली, फक्त ती निरर्थक ठरली. वेठबिगारीखालील कर्जे कायद्याने संपुष्टात आली ती त्यानंतर तीस वर्षांनी, १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियमाने.

१९४६ चा मुंबई सावकार अधिनियम हा या कथेतील दुसरा महत्त्वाचा दस्तऐवज होय. सावकाराने परवाना घ्यावा, रोजमेळ व खतावणी ठेवावी, कर्जाचे स्पष्ट विवरण ऋणकोला मान्य भाषेत द्यावे, असे त्यात होतेच. पण त्यातील दोन तरतुदींकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे. पहिली अशी की, हिशेबाचे विवरण मिळाल्यावर ऋणकोने ते बरोबर अथवा चूक असे काहीच सांगितले नाही, तर केवळ त्या मौनावरून त्याने हिशेब कबूल केला असे मानावयाचे नाही. ‘ही सेवा वापरीत राहिलात म्हणजे बदललेल्या अटी तुम्हांस मान्य आहेत’ या, संकेतस्थळांवर सर्रास आढळणाऱ्या वाक्याच्या शेजारी ही तरतूद ठेवून पाहावी.

दुसरी तरतूद तगाद्यासंबंधी आहे. ऋणकोच्या दारी बसून राहणे ही आपल्याकडील जुनी वसुलीची रीत. धरणे धरण्याचा एक प्रकार १८६० च्या दंडसंहितेने दृष्टान्तासह गुन्हा ठरविला होता. १९४६ च्या अधिनियमाने त्याहून पुढे जाऊन कर्जवसुलीसाठी ऋणकोचा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सतत पाठलाग करणे, त्याच्या घराजवळ अथवा कामाच्या जागेजवळ घुटमळणे, धाकदपटशा दाखविणे यांस उपद्रव म्हणून शिक्षा ठेवली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाने हा जुना कायदा जाऊन नवा आला, तरी उपद्रवाचे कलम त्यातही आहे. माणसाच्या हालचालीचा माग काढणे हा अपराध आहे, असे या प्रांताच्या कायद्याने इतक्या स्पष्ट शब्दांत प्रथम सावकारास उद्देशून सांगितले.

शासनास उद्देशून ते सांगावयास मात्र बराच काळ जावा लागला. १८ डिसेंबर १९६२ रोजी खरकसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संशयिताच्या घरी पोलिसांनी रात्री-अपरात्री जाणे घटनाविरोधी ठरविले. पण त्याच्या हालचालींवर गुप्त नजर ठेवण्यास हरकत मानली नाही आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने अमान्य केले. न्यायमूर्ती सुब्बराव यांचे मत भिन्न होते. त्याच वर्षी अणुऊर्जा अधिनियम संमत झाला होता व अणुकेंद्रांविषयीची माहिती उघड करण्यावर त्याने निर्बंध घातले होते. १९६९ साली तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली तेव्हा या किनाऱ्यावर स्थिती अशी होती : केंद्राच्या गुपितास कायद्याचे कुंपण, शेजारच्या गावातील माणसाच्या गुपितास घटनेत नाव नाही. हे कुंपण अनावश्यक होते असे म्हणण्याचा हेतू नाही. दोहोंच्या कालक्रमातील अंतर तेवढे नोंदवावयाचे आहे. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने जाहीर केले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी प्रकरणात.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. नोंद म्हणजे सदैव बंधनच, असे वरील विवेचनावरून वाटण्याचा संभव आहे. आणि या भागाचा इतिहास तसे सांगत नाही. नोंद नसणे हेही आदिवासीचे दुर्दैवच ठरले आहे. १९४८ च्या कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन आला तेव्हा ज्या कुळांची नावे अधिकार अभिलेखात होती त्यांना जमिनीची मालकी सांगणे सोपे गेले. तोंडी वहिवाटीवर कसणाऱ्यास ते दुर्घट झाले. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखाली पुराव्याच्या यादीत गावातील वृद्धांचे लेखी करून घेतलेले निवेदन घालावे लागले ते याचसाठी. तेव्हा ‘आम्हांस नोंदू नका’ अशी मागणी या पट्टीतून कधी ऐकू आली नाही, आणि ती येथील प्रश्नाची मांडणीही नव्हे. मागणी प्रतीची होती : जे लिहिले त्याची एक प्रत आमच्याजवळ द्या, आणि चूक असेल तर ती खोडणारा कोणी असू द्या. सातबाराचा उतारा तलाठ्याकडे मागता येतो. खतावणीचा मागता येत नसे. नोंद ठेवणाऱ्याच्या दप्तराचे दार आपल्यासाठी उघडते की नाही, यावरच सारे अवलंबून राहते.

आता वर्तमानाकडे. संकेतस्थळाने भेट देणाऱ्याच्या यंत्रावर एक लहानशी खूण ठेवावी व पुढच्या भेटीत ती वाचून त्यास ओळखावे, ही ‘कुकी’ नावाची योजना १९९४ साली नेटस्केप कंपनीत निघाली. प्रारंभी तिचा उपयोग दुकानातील टोपली लक्षात ठेवण्यासारखा निरुपद्रवी होता. पुढे एकाच जाहिरातदाराची खूण हजारो संकेतस्थळांवर वाचली जाऊ लागली, आणि मोबाईल आल्यावर तर ॲपच्या पोटात इतर कंपन्यांची साधने बसवून फोनचा ओळखक्रमांक, ठिकाण व वापराच्या वेळा परस्पर पाठविल्या जाऊ लागल्या. ज्या दुकानात आपण गेलो त्याचा मालक आणि आपली नोंद ठेवणारा हे आता दोन निरनिराळे असतात. सावकाराचे घर तरी लग्नगड्यास ठाऊक होते.

कर्ज देणाऱ्या ॲपांत जुनी सावकारी व नवी पाळत यांचा संगम झाला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय ग्राहकांस उपलब्ध असलेली सुमारे ११०० कर्ज-ॲपे त्यास आढळली व त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. यांतील अनेकांची वसुलीची रीत अशी : ॲप उतरवून घेताना संपर्कयादी व छायाचित्रे पाहण्याची परवानगी घ्यावयाची, आणि हप्ता चुकताच यादीतील नातलग, सहकारी, मालक यांना फोन व संदेश पाठवून ऋणकोची अब्रू काढावयाची. इतिहासाच्या अभ्यासकास यात जामिनाची जुनी संस्था विकृत रूपाने दिसेल. पूर्वी जामीन राहणारा स्वतः येऊन, कबूल होऊन, नाव लिहून देत असे. येथे फोनमध्ये नाव असलेला प्रत्येक परिचित त्यास नकळत जामीन होतो. तारापूर औद्योगिक वसाहतीलगत पाम, कुंभवली, कोलवडे अशा गावांतून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परगावच्या मजुराचा विचार केला म्हणजे या कर्जाचे आकर्षण समजते. त्यास ओळखीचा जामीन मिळत नाही, गावची पत येथे चालत नाही. ॲप मात्र जामीन मागत नाही. ते जामीन त्याच्या खिशातून उचलून नेते.

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आपल्या नियंत्रणाखालील संस्थांच्या ॲपांना संपर्कयादी, फोनची नोंद व फाइली यांत हात घालण्यास मनाई केली. कॅमेरा, ध्वनिग्राहक व ठिकाण यांची परवानगी फक्त ओळख पटविण्यासाठी, एकदाच व स्पष्ट संमतीने घेता येते. १९४६ च्या उपद्रवाच्या कलमाचा हा नवा अवतार आहे असे म्हणावयास हरकत नाही. बेकायदा ॲपांना अर्थात ही मनाई पोहोचत नाही, जशी परवान्याची अट बिनपरवाना सावकारास पोहोचत नसे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने या क्षेत्रास प्रथमच सर्वसाधारण कायदा दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्वक असावी, आपल्या माहितीचा गोषवारा मागता यावा, चूक दुरुस्त करून घेता यावी ही तत्त्वे उत्तमच आहेत. परंतु १८७९ च्या अधिनियमाशी ताडून पाहता तीन उणिवा डोळ्यांत भरतात. पूर्वी हिशेब पुन्हा मांडला गेला की लाभ थेट ऋणकोचा होई. आता दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो भारताच्या एकत्रित निधीत जमा व्हावयाचा. ज्याची माहिती गेली त्यास भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील जुने कलमही या कायद्याने वगळण्याचे ठरविले आहे. दुसरे, सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याची सोय आहे. मराठी त्यात आहे. वारली बोली नाही.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वित्तीय संस्थेचे कर्ज ज्याने थकविले आहे त्याची आर्थिक माहिती, मालमत्ता व देणी शोधून काढण्यासाठी जी माहिती-प्रक्रिया केली जाते तिला अधिनियमाच्या सतराव्या कलमाने संमतीच्या व माहिती मागण्याच्या बहुतेक तरतुदींतून सूट दिली आहे. वसुलीची सोय म्हणून ती समजण्याजोगी आहे. पण १८७९ चे पासबुक ज्याच्यासाठी निर्माण झाले तो हाच माणूस होता, हप्ता थकलेला. हप्ते वेळेवर भरणाऱ्यास आपल्या खात्याचा गोषवारा मागता येईल. थकलेल्यास, त्याच्याविषयी काय गोळा केले गेले आणि ते कोणास दिले गेले, हे या सुटीच्या मर्यादेत विचारता येणार नाही. ही सूट किती व्यापक ठरते हे माहिती संरक्षण मंडळापुढे येणाऱ्या पहिल्या काही प्रकरणांवरून कळेल.